पात्याखालचे दगड : हिरवळ दुरुस्तीच्या प्रकल्प नोंदी

क्षेत्र : सुमारे ६०० चौ.मी., एका अंगाला सौम्य उतार.
यंत्र : मागून ढकलायचे, पेट्रोलवर चालणारे लॉनमोअर. ५३ सें.मी.चे पाते थेट क्रँकशाफ्टच्या (इंजिनाच्या फिरत्या दांड्याच्या) टोकाला.
तक्रार : कापताना वारंवार दगडावर आपटणे, यंत्र जागीच बंद पडणे, आणि शेवटच्या दणक्यानंतर सुरूच न होणे.

६ सप्टेंबर

पहिले काम पाते खोलून त्यावरच्या खुणा वाचण्याचे. नवे पाते चढवून मोकळे होण्याची सवय असते, पण जुन्या पात्यावर जमिनीचा अर्धा नकाशा लिहिलेला असतो.

खोलण्याआधी स्पार्क प्लगची टोपी काढून बाजूला बांधली. बॅटरीचे यंत्र असेल तर बॅटरीच काढून ठेवायची. यंत्र आडवे करताना एअर फिल्टरची बाजू वर, नाहीतर तेल कार्बुरेटरमध्ये आणि फिल्टरमध्ये उतरते आणि नंतर तासभर निळा धूर. पेट्रोलची टाकी जवळजवळ रिकामी असताना हे काम करावे. पाते फिरू नये म्हणून डेक (पात्यावरचे पत्र्याचे झाकण) आणि पाते यांच्यामध्ये लाकडी ठोकळा, हात नव्हे.

खुणा तीन प्रकारच्या निघाल्या.

एक, धारेच्या टोकाकडच्या ५-६ सें.मी.मध्ये खोल खाचा. हे उभ्या कडेचे दगड किंवा सुटे गोटे. पाते त्यांना समोरून धडकते, सगळा झटका क्रँकशाफ्टला बसतो.

दोन, पात्याच्या खालच्या अंगाला गोलाकार ओरखडे, धार मात्र शाबूत. याचा अर्थ पाते दगडाच्या किंवा उंचवट्याच्या माथ्यावरून घासत गेले. हा मामला दगडापेक्षा उंचीचा आहे.

तीन, मागच्या वर वळलेल्या पंखाचा पत्रा झिजून पातळ. हे वाळूचे काम. पंख हवा वर ओढतो म्हणून गवत उभे राहते, आणि त्याच ओढीने बारीक खडी व रेतीही वर येते. पंख जिथून वळतो त्या रेषेत चीर असेल तर ते पाते भंगारात. पंखाचा तुकडा सुटला तर तो डेकमधून बंदुकीच्या गोळीसारखा बाहेर पडतो.

या पात्यावर खाचा मोजक्या, ओरखडे भरपूर. म्हणजे बहुतेक दणके न दिसलेल्या दगडांचे नाहीत. दगड ठाऊक आहेत, पात्याला मात्र तिथे पुरेशी उंची मिळत नाही. पुढचे सगळे नियोजन या निष्कर्षावर.

७ सप्टेंबर

यंत्र सुरू का होत नाही? दोरी ओढली की उलट झटका देऊन हातातून हिसकावते. दगडावर आपटल्यानंतर हे लक्षण दिसले तर पहिला संशय फ्लायव्हीलच्या चावीवर घ्यावा. क्रँकशाफ्ट आणि फ्लायव्हील (त्याच्या वरच्या टोकावरचे जड चाक) यांच्या खाचेत बसणारा हा मऊ धातूचा छोटा तुकडा. फ्लायव्हील कोणत्या कोनात बसायचे एवढेच तो ठरवतो. फ्लायव्हीलला प्रत्यक्ष पकडून ठेवतो तो निमुळता शाफ्ट आणि वरचा घट्ट नट.

दगडावर पाते अडते तेव्हा क्रँकशाफ्ट थांबतो, जड फ्लायव्हील मात्र आपल्या जोरात पुढे जाते. चावी अर्धवट कापली जाते. फ्लायव्हीलवरचे चुंबक ठिणगी देणाऱ्या कॉइलसमोर वेळेआधी येते, ठिणगी लवकर पडते आणि पिस्टन वर येत असतानाच स्फोट होऊन तो मागे ढकलला जातो. उलटा झटका तो हाच. शाफ्टचा व्यास २२ मि.मी. धरला तर परीघ साधारण ६९ मि.मी.; म्हणजे चावी १ मि.मी. सरकली की वेळ ५ अंशांनी चुकली. डोळ्यांना ही सरक फारशी दिसत नाही, म्हणून लोक कार्बुरेटर खोलत बसतात.

काम : पंख्यावरचे झाकण काढले, पट्ट्याच्या पान्ह्याने फ्लायव्हील धरून नट सैल केला. फ्लायव्हीलच्या पंखांत स्क्रूड्रायव्हर अडकवून धरू नये, पंख तुटतात आणि फ्लायव्हीलचा तोल जातो. पुलर (ओढून काढायचे साधन) लावून फ्लायव्हील उचलले. शाफ्टच्या टोकावर हातोडा मारला तर आटे बिघडतात. चावी पायरीसारखी दुभंगलेली निघाली.

नवी चावी त्याच मऊ धातूची. तिथे पोलादी चावी घालून ‘आता तुटणार नाही’ म्हणणारे भेटतात. मग पुढच्या दणक्यात चावीऐवजी फ्लायव्हीलची खाच किंवा शाफ्ट जातो. बसवण्याआधी दोन्ही निमुळते पृष्ठभाग कोरड्या फडक्याने पुसले. तिथे तेल-ग्रीस नको, कारण पकड त्या पृष्ठभागांच्या घर्षणावरच आहे. नट टॉर्क रेंचने (पिळाचा जोर मोजणाऱ्या पान्ह्याने) पुस्तिकेतल्या आकड्याइतका आवळला. नट सैल राहिला तर दगड न लागताही चावी कापली जाते.

यंत्र सुरू झाले. थरथर मात्र आहे, म्हणून लगेच बंद केले.

११ सप्टेंबर

दणक्यानंतरच्या थरथरीत मुख्य संशय दोन : पाते वाकले किंवा क्रँकशाफ्ट वाकला. (डायरेक्ट नसून बेल्टवर चालणारा डेक असता तर पाते धरणारा स्पिंडल आणि त्याचे ॲल्युमिनियमचे घर तपासावे लागले असते. तिथे बेल्ट घसरून थोडा झटका खातो, पण घराला तडा जातो तो बाहेरून मातीखाली लपलेला असतो.)

तपासणी अशी. डेकच्या कडेवर खडूने एक खूण. पात्याचे एक टोक खुणेसमोर आणून कडेपासून त्याचे उभे अंतर मोजले. पाते अर्धा फेरा फिरवून दुसरे टोक त्याच खुणेसमोर, पुन्हा माप. फरक ३ मि.मी.पेक्षा जास्त असेल तर काहीतरी वाकले आहे. फरक ५ मि.मी. आला. मग नवे पाते लावून तेच माप घेतले : फरक १ मि.मी.च्या आत. शाफ्ट सरळ, वाकले ते पाते. नव्या पात्यावरही फरक तेवढाच राहिला असता तर दोष शाफ्टचा, आणि वाकलेला शाफ्ट ठोकून सरळ करायचा नसतो. आत न दिसणारी चीर पडलेली असू शकते, आणि ती चालत्या यंत्रात उघड होते.

जुने पातेही सरळ करून वापरायचे नाही, त्यावर वेल्डिंग तर नाहीच. पात्याचे पोलाद मुद्दाम चिवट ठेवलेले असते, चाकूइतके कडक नाही. दगडावर ते वाकावे, फुटू नये, हा त्यामागचा हिशेब. एकदा वाकवून पुन्हा सरळ केले की तो चिवटपणा संपतो.

नव्या पात्याची धार साधारण ३० अंशांची आहे, तशीच ठेवली. खडकाळ जागेत वस्तऱ्यासारखी धार काढण्यात अर्थ नाही. बारीक धार पहिल्याच खड्यावर दुमडते. कानस वरच्या, उतरत्या बाजूनेच चालवावी, खालची सपाट बाजू तशीच. ग्राइंडर वापरला आणि धातू निळा पडला तर तेवढा भाग मऊ झाला. आणि प्रत्येक खाच नाहीशी होईपर्यंत घासत बसू नये. २-३ मि.मी.ची खाच कापणीत फारशी जाणवत नाही, ती घालवण्याच्या नादात मात्र पात्याचे निम्मे आयुष्य जाते.

तोल : मधल्या भोकातून भिंतीतल्या आडव्या खिळ्यावर पाते टांगले. जे टोक खाली जाते तिथला धातू धारेमागच्या बाजूने घासायचा. किती फरक चालतो? टोकाशी २० ग्रॅमचा फरक, २५ सें.मी. त्रिज्या, मिनिटाला ३००० फेरे : बाहेर ओढणारे बल सुमारे ४९० न्यूटन, म्हणजे ५० किलो वजनाइतके, सेकंदाला ५० वेळा दिशा बदलत. दगडाने टोकाचा छोटा तुकडा उडाला की बेअरिंगचे, हँडलच्या बोल्टांचे आणि हातांच्या सांध्यांचे काय होते ते या आकड्यावरून कळावे.

पाते बसवताना पंख डेकच्या बाजूला वर. अशा लहान यंत्रांत बोल्ट बहुधा ५० ते ६० न्यूटन-मीटरला आवळतात, पण आकडा आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेतलाच धरावा.

१९ सप्टेंबर

जमिनीची मोजणी. या प्रकल्पात सर्वांत जास्त वेळ इथे घालवावा असे आमचे मत आहे.

सुरुवात कापणीच्या खऱ्या उंचीपासून. उंची बदलायच्या दांडीवरचा आकडा खरा मानू नये. यंत्र सपाट फरशीवर उभे करून (प्लगची टोपी काढून) धारेपासून फरशीपर्यंत मोजले : दांडी ज्या खाचेवर ‘५’ दाखवते तिथे ४.६ सें.मी. भरले. शिवाय ओलसर जमिनीत चाके साधारण अर्धा-एक सें.मी. रुततात. म्हणजे हाती उरले ४ सें.मी.च्या आतबाहेर. जमिनीच्या वर २ सें.मी. डोकावणारा दगड मग सुखरूप सुटायला हवा. सुटत नाही, कारण पात्याची उंची चाकांवर अवलंबून आहे आणि चाके दगडाजवळच्या खळग्यात आहेत.

हिशेब मांडून पाहू. या यंत्राच्या पुढच्या आणि मागच्या आसांमधले अंतर ६० सें.मी., पाते बरोबर मध्ये. पात्याची त्रिज्या २६.५ म्हणजे पुढचे टोक पुढच्या आसाच्या जेमतेम ३.५ सें.मी. मागे. पुढची दोन्ही चाके ४ सें.मी. खोल खळग्यात उतरली तर मध्यबिंदू २ सें.मी. उतरतो, पण पुढचे टोक जवळजवळ ३.८ सें.मी. उतरते. उंचीतले काहीच शिल्लक राहत नाही. गवताचा ‘टक्कल’ पडल्यासारखा पट्टा आणि मातीत घुसलेले पाते याच जागी दिसते.

आता उलट बाजू. चारही चाके खाली आणि मधोमध उंचवटा : आसांमधल्या ६० सें.मी.त जमीन ४ सें.मी.पेक्षा जास्त फुगली की पाते लागलेच, दगड असो वा नसो. तोच उंचवटा आडव्या दिशेने, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांमध्ये येईल असा ओलांडला तर गणित वेगळे, कारण दोन चाकांमधले अंतर वेगळे.

यासाठी एक मापाची फळी केली. ६० सें.मी. लांब सरळ पट्टी, दोन्ही टोकांना ४ सें.मी. उंचीचे ठोकळे, ठोकळ्यांचा तळ चाकाच्या रुंदीइतका (अरुंद असला तर गवतात रुततो आणि माप खोटे येते). ही फळी कापणीच्या ओळीने सरकवत नेली. पट्टीची खालची कड जिथे कशालाही टेकते तिथे पाते टेकणार. टेकलेल्या जागी चुना. सगळे क्षेत्र मोजायची गरज नाही. ओरखडलेले गवत, उघडे पडलेले माथे, झाडाच्या बुंध्याभोवतालचा घेर आणि उताराचा पायथा एवढे पुरे.

चुन्याच्या खुणांपैकी बऱ्याच ठिकाणी दगडच निघाला नाही. होती ती झाडाची वर आलेली मुळे, जुन्या चरावर बसलेली माती आणि तिच्या कडेला राहिलेला वरंबा. तिथे खणत बसणे म्हणजे वेळ घालवणे. तिथे भर हवी.

खुणांसाठी तारेच्या झेंड्या लावू नयेत. एखादी गवतात राहते आणि पात्याला दगडापेक्षा वाईट वस्तू सापडते.

२० सप्टेंबर

टोचणी. ८ मि.मी. गोल सळई, ६० सें.मी. लांब, वर आडवी मूठ, टोक बोथट निमुळते. १० आणि १५ सें.मी.वर रंगीत चिकटपट्टी. आदल्या दिवशी पाणी दिलेले, कारण कोरड्या मातीत प्रत्येक ढेकूळ दगडासारखे वाटते. पाण्याच्या किंवा विजेच्या भूमिगत लाइन कुठून गेल्या आहेत ते आधी नक्की केले. सळई हाताच्या जोरानेच दाबायची, हातोडीने कधीही ठोकायची नाही.

दगड लागला की सळई टणकन थांबते आणि मुठीत कंप येतो. मूळ असेल तर ती थोडी आत जाऊन परत येते. वीट किंवा जुने काँक्रीट खरखरते आणि सळईच्या टोकाला लाल किंवा पांढरी भुकटी लागते. दगडाची बाह्यरेषा काढायला दर १० सें.मी.वर टोचत बाहेर सरकायचे. सळई तिरकी घसरू लागली की तिथून दगड खाली उतरतो.

कुठे टोचायचे ते गवतच सांगते. कोरड्या दिवसांत जो ठिपका शेजारच्या आधी पिवळा पडतो, त्याच्याखाली उथळ दगड असण्याची दाट शक्यता. वर माती कमी, ओल लवकर संपते.

निकष असा ठरला. माथा १५ सें.मी.पेक्षा खोल : हात लावायचा नाही. १० ते १५ : पिवळा ठिपका पडत असेल तरच. १० पेक्षा उथळ किंवा उघडा : काढणे, माथा फोडणे किंवा वळसा. दगडांना गट : ‘अ’ एका हाताने उचलता येणारे, ‘ब’ पहारीचे, ‘क’ जे हलणार नाहीत असे वाटते.

२७ सप्टेंबर

‘अ’ गट पूर्ण. पद्धत : धारदार फावड्याने गवताला तीन बाजूंनी ५ सें.मी. खोल काप, चौथी बाजू बिजागरीसारखी ठेवून गवताची लादी उलटवायची. पूर्ण कापून वेगळी केलेली लादी कडेने सुकते आणि परत बसवताना चौकट दिसते. माती ताडपत्रीवर, गवतावर टाकलेली माती कधीच पूर्ण निघत नाही, आणि तिच्यातले खडे पुढच्या कापणीत पात्याखाली.

भर घालताना निघालेलीच माती २० मि.मी.च्या चाळणीतून. कमी पडेल तेवढी बाहेरची, पण पोत तसाच. निव्वळ शेणखत किंवा कंपोस्टने खड्डा भरू नये. ते कुजत बसते आणि काही महिन्यांत नवा खळगा तयार, म्हणजे चाकाला पुन्हा उतरायला जागा. १० सें.मी.चा थर, धुम्मसने ठोकणे, थोडे पाणी, मग पुढचा थर. शेवटी शेजारच्या पातळीपेक्षा १ ते २ सें.मी. उंच.

दगड काढला तेवढी पोकळी भरायची हे उघड आहे, पण मोकळी केलेली मातीही बसते. दगडाच्या आकारमानाच्या वर आणखी पाचवा हिस्सा माती हाताशी ठेवली.

४ ऑक्टोबर

‘ब’ गट. वजनाचा अंदाज आधी : अंडाकृती दगडाची लांबी × रुंदी × उंची, त्याच्या निम्मे, गुणिले २.७. म्हणजे ५० × ४० × ३० सें.मी.चा गोटा साधारण ८१ किलो. हा दोघांनी वाकून उचलायचा दगड नव्हे.

पहार दीड मीटरची. टेकू दगडापासून १५ सें.मी.वर ठेवला तर लांब भुजा १३५, नऊपट फायदा. ३० किलोचा दाब म्हणजे टोकाला २७० किलो. टेकू म्हणून रुंद लाकडी ठोकळा, कारण दगडाचा टेकू निसटतो आणि अरुंद असेल तर मातीत रुततो. एका बाजूने ४-५ सें.मी. उचलून खाली गोटे सारायचे, मग दुसऱ्या बाजूने. दगड आलटून-पालटून आपल्याच ढिगावर चढत येतो. फटीत बोटे नाहीत, गोटे सारायलाही काठी. दगड जमिनीच्या पातळीला आला की फळीवरून लोळवत ताडपत्रीवर.

हलत नसेल तर जास्त जोर लावण्याआधी एका बाजूची माती तळापर्यंत मोकळी करावी. चिकणमातीत दगडाला तळाशी ओढ असते. कडेने पाणी सोडून थोडे थांबले की ती सुटते.

५ ऑक्टोबर

क-१ आणि क-२. दोन्ही खाली रुंद होत जातात, पूर्ण काढायचे तर हिरवळीचा मोठा भाग जाईल. इथे माथाच १५ सें.मी. खाली उतरवायचा. त्याहून कमी माती ठेवली तर दगड दिसत नाही, पण उन्हात गवत जळते.

वरून भोके पाडून पाचर मारली तर दगड उभा चिरतो, माथा तसाच राहतो. म्हणून एका बाजूने खणून, हव्या त्या पातळीवर आडवी भोके : १५ सें.मी. अंतरावर, सुमारे १० सें.मी. खोल. प्रत्येक भोकात दोन लोखंडी पट्ट्या आणि मध्ये पाचर. सगळ्या पाचरींना ओळीने हलके घाव, पुन्हा पहिलीपासून. आवाज चढत जातो, मग थांबायचे. या थांबण्यालाच लोक कंटाळतात. पाचरी ताणलेल्या असताना चीर आपोआप पुढे सरकते. घाई करून एकाच पाचरीवर घण घातला तर कोपरा उडतो आणि बाकीचा दगड हसत बसतो.

गॉगल आवश्यक. भोके पाडताना पाण्याची धार आणि तोंडाला धूळ अडवणारा मास्क. दगडाची कोरडी पूड फुप्फुसात जाऊ देण्यासारखी नाही.

थरांच्या दगडात चीर थराच्या दिशेने धावते. क-१ मध्ये तिने साथ दिली. क-२ तिरका फुटला, उरलेला कंगोरा छिन्नीने उतरवला.

११ ऑक्टोबर

क-३ हा दगड नाहीच, खालच्या खडकाचा वर आलेला पाठीचा भाग. सळई सगळीकडे टणटण. याला वळसा. हिरवळीत बेट करायचे : खडकाच्या कडेपासून सगळीकडे ४० सें.मी. बाहेर गोलसर रेषा, आत जमिनीलगत पसरणारी झाडे आणि लाकडाच्या चुऱ्याचे आच्छादन. खडीचे आच्छादन मुळीच नको. हिरवळीच्या कडेला सुटी खडी ठेवणे म्हणजे पात्याला रोज खुराक.

रेषेचे वळण यंत्र एकाच ओघात घेऊ शकेल इतके मोठे. टोकदार कोपरे ठेवले की तिथे यंत्र मागे-पुढे करावे लागते, आणि मागे ओढताना पायांकडे यंत्र येते. काठाच्या विटा गवताच्या मातीपेक्षा १ सें.मी. खाली, म्हणजे एक चाक विटांवरून चालते आणि कडेचे गवत वेगळे कापावे लागत नाही. विटा वर राहिल्या तर आपणच नवे दगड पेरले असे होईल.

उघड्या खडकांभोवती दोरीचे ट्रिमर चालते, २.४ मि.मी. दोरी दगडावर झिजते, एवढेच. दोरीच्या जागी धातूचे पाते लावून दगडाशेजारी जाऊ नये. सभोवती १५ मीटरपर्यंत कोणी नको.

१८ ऑक्टोबर

खळग्यांची भर. दगड काढण्यापेक्षा या कामाने जास्त दणके कमी होतील, असा फळीच्या मापांवरून अंदाज.

एका वेळी १ सें.मी.पेक्षा जाड थर नाही. गवताची टोके वर दिसली पाहिजेत. ४० चौ.मी.च्या पट्ट्याला १ सें.मी. म्हणजे ०.४ घनमीटर माती. चाळलेली, कोरडी, सरळ फळीच्या कडेने ओढून पसरली, मग झाडूने पात्यांमधून खाली उतरवली. गवत वर आल्यावर पुढचा थर. ४ सें.मी.चा खळगा एकदम भरला तर खालचे गवत मरते आणि पावसात भर वाहून जाते. फारच खोल असेल तर लादी उचलून खाली भर घालणे बरे.

मुळांवर मात्र मातीचा जाड थर चढवत नाही. मोठ्या झाडाच्या बुंध्याभोवतीचे गवतच काढून आच्छादन.

२५ ऑक्टोबर

काढूनही दगड पुन्हा येतात का? काही ठिकाणी येतात, आणि त्याला कारणे आहेत. उतारावर पाणी माती नेते, दगड तिथेच राहून उघडे पडतात. थंड प्रदेशात दगडाखालची ओल गोठून फुगते आणि दगडाला उचलते. वितळल्यावर खालच्या पोकळीत बारीक माती शिरते, दगड परत बसत नाही. ओल्याने फुगणारी, कोरडीने भेगाळणारी चिकणमातीही असेच काम करते. उलट गांडुळे दगड बुडवतात : ती खालची माती वर आणून टाकतात आणि दगड हळूहळू आत जातो. चार्ल्स डार्विनने १८८१ मध्ये हे सविस्तर मांडले. वेग वर्षाला काही मिलिमीटर, त्यामुळे गांडुळांच्या भरवशावर कापणी करता येत नाही, पण त्यांना मारणारी औषधे टाकू नयेत याला एवढे कारण पुरे.

रोलर फिरवून खडे दाबावेत का, यावर मतभेद होते. सुपारीएवढे खडे ओल्या मातीत दबतात हे खरे. पण चिकणमाती त्यासोबत घट्ट होते, पाणी मुरत नाही, मुळे उथळ राहतात, आणि विरळ गवतातून माती वाहून खडे पुन्हा वर. इथे रोलर नाही. दाट लोखंडी दाताळ्याने खडे ओढून घमेल्यात, वर पातळ भर. बांधकामाच्या जुन्या राडारोड्याच्या जागी चुंबकही फिरवले, खिळे निघाले.

१ नोव्हेंबर

चाचणी. नव्या पात्याच्या टोकांना खालून आणि धारेला गडद पिवळा रंग दिला, वाळू दिला. रंग कुठे उडाला यावरून दणका की घासणे ते कळते.

भर घातलेल्या आणि लाद्या परत बसवलेल्या जागा आधी ओढून पाहिल्या. लादी हलत नाही, मुळे धरली. गवत वाढले होते, म्हणून पहिला हात सर्वांत वरच्या खाचेवर, दुसरा हात नेहमीच्या उंचीवर आधीच्या दिशेला काटकोनात. उंच गवतात थेट खाली कापले की दगड दिसत नाही, शिवाय गवताच्या उंचीचा तिसऱ्यापेक्षा जास्त भाग एकदम गेला की ते पिवळे पडते.

मिनिटाला ३००० फेऱ्यांना ५३ सें.मी. पात्याचे टोक सेकंदाला सुमारे ८३ मीटर जाते, म्हणजे ताशी ३०० कि.मी. त्यामुळे भिरकावलेला खडा कुठे जाईल याचा विचार मार्ग ठरवतानाच केला : गवत बाहेर पडायचे तोंड खिडक्या, रस्ता आणि माणसे यांच्या विरुद्ध बाजूला. बूट जाड, चष्मा डोळ्यांवर, हँडलचा दांडा सोडल्यावर पाते थांबते का ते आधी पाहिले. अमेरिकेत १९८२ पासूनच्या नियमाप्रमाणे मागून ढकलायच्या यंत्राचे पाते दांडा सोडल्यावर ३ सेकंदांत थांबलेच पाहिजे; ही मर्यादा कुठेही पाळण्याजोगी आहे. दांड्याला दोरी बांधून कायम दाबून ठेवलेली यंत्रे दिसतात, तशा यंत्राने खडकाळ जागेत जाऊच नये.

एक सूचना जोडून : ओळखीचा दगड जवळ आला की हँडल दाबून यंत्राचे नाक उचलण्याची युक्ती करू नये. पाते उघडे पडते आणि खडा पुढे, सरळ रेषेत सुटतो.

निकाल : धारेवरचा रंग सर्वत्र शाबूत, गवताने घासला तेवढाच. खालून एका टोकाला लहान ओरखडा. फळीने शोधल्यावर जागा सापडली : उताराचा पायथा, तिथला जुना चर, पुढची चाके २ सें.मी. उतरतात.

१५ नोव्हेंबर

उरलेली कामे. बोल्टचा टॉर्क पहिल्या कापणीनंतर पुन्हा पाहिला, ठीक. चराच्या जागी दुसरा थर टाकला. लादी परत बसवलेल्या खड्ड्यांपैकी दोन बसले आहेत, एक सें.मी.च्या आत, पुढच्या भरीत ते धरायचे. क-२ वर गवत शेजारच्यापेक्षा फिके, तिथे माती १५ ऐवजी १२ सें.मी. भरली, सळईने खात्री केली. छिन्नीने उतरवलेला कंगोरा तिथेच आहे; लादी उलटवून तो आणखी ३ सें.मी. काढायचा.

जोरदार पाऊस झाला की उतारावर मापाची फळी, आणि प्रत्येक दणक्यानंतर पात्याच्या दोन टोकांचा फरक. चराची भर पूर्ण होईपर्यंत त्या पट्ट्यात दांडी एक खाच वर आणि कापणी चराच्या लांबीच्या दिशेने नाही, आडवी.